नवं गाणं मंडळीच्या गळ्यात उतरू द्या

वऱ्हाडातील ख्रिस्ती मंडळ्यांचे पाळक, पंच आणि उपासनेत गाणाऱ्या तरुणांस खुले पत्र

कौंडण्यपूर, ता. तिवसा, जि. अमरावती

आदरणीय पाळकसाहेब, पंचमंडळी आणि माझ्या गाणाऱ्या मुलांनो,



उपासनेतल्या नव्या गाण्यांवरून आपल्याकडे जी धुसफूस चालली आहे, तिच्याबद्दल हे पत्र लिहिते आहे. शहरातलं मोठं चर्च असो की आडगावातली चार घरांची मंडळी, चित्र थोड्याफार फरकानं सारखंच. पुढे कीबोर्ड, ऑक्टोपॅड, दोन-तीन माइक. भिंतीवर प्रोजेक्टरनं टाकलेले शब्द. चार-पाच मुलं-मुली डोळे मिटून अगदी मनापासून गाताहेत आणि समोर बसलेली मंडळी नुसती बघते आहे. उपासना संपली की वडीलधारे म्हणतात, आपली गाणी मोडीत काढली. पोरं म्हणतात, यांना नवं काही नकोच असतं. दोन्ही तक्रारी पाळकांकडे जातात आणि पाळक तोडगा काढतात, एक जुनं, एक नवं. भांडण तेवढ्यापुरतं मिटतं. मग नव्या गाण्याला म्हातारे गप्प बसतात आणि जुन्याला तरुण.

मी मंडळीत पेटी वाजवते. दोन्ही बाजूंची माणसं माझीच आहेत, म्हणून माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. मंडळीपुढे एका वेळी एकच गोष्ट नवी ठेवा. शब्द नवे असतील तर चाल ओळखीची घ्या. चाल नवी बसवायची असेल तर शब्द पाठ असलेले घ्या. शब्द, चाल, ताल, वाद्यं, भाषा आणि पट्टी असं सगळंच एका रविवारी नवं आणलं, तर लोकांनी धरायचं काय? त्यांची गाण्याची इच्छा कमी पडत नाही, त्यांना पाय टेकायला जागा मिळत नाही.

हे मला सुचायला हा मुलूखच कारण आहे. वर्धा नदीच्या काठचं हे कौंडण्यपूर रुक्मिणीचं माहेर म्हणून उभ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. संत सदाराम महाराजांनी १५९४ साली इथून पंढरपूरला पालखी नेली, ती परंपरा आजही चालू आहे. आपला विश्वास वेगळा, आपली उपासना वेगळी. पण या तालुक्यात वाढलेल्या माणसाच्या कानावर टाळ-मृदंग लहानपणापासून पडतोच. दिंडीत कितीतरी माणसं एकमेकांना अनोळखी असतात, हातात पुस्तक नसतं, तरी सगळी गातात. पुढचा एक चरण म्हणतो, मागचे तो उचलतात. अभंगाचं माप ठरलेलं, चालींचा साठा ठरलेला, ध्रुवपद फिरून फिरून येणारं. त्यामुळे कधी न ऐकलेला अभंग निघाला तरी दुसऱ्या-तिसऱ्या कडव्याला सगळे सामील झालेले असतात.

याच तिवसा तालुक्यात मोझरी आहे. यावलीचे माणिक बंडोजी इंगळे, म्हणजे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज, यांनी १९३५ साली तिथं गुरुकुंज आश्रम उभारला. त्यांनी लोकांना किती नवं दिलं! देवाच्या भजनात ग्रामसफाई आली, व्यसनमुक्ती आली, अस्पृश्यतेविरुद्धचा आवाज आला. संध्याकाळी गावातल्या सगळ्यांनी एकत्र, रांगेत, शांत बसून म्हणायची सामुदायिक प्रार्थना आली. त्या काळच्या गावात शेजारी शेजारी बसणं हेच केवढं नवं होतं. पण हातात काय होतं? खंजिरी. इथल्या माणसाच्या हाताला आणि पायाला आधीच माहीत असलेला ठेका. मराठीबरोबर हिंदीतही ते गायले आणि वऱ्हाडानं ते आपलं मानलं. म्हणून आपल्या उपासनेत हिंदी गीतं आली याचं मला वाईट वाटत नाही. हिंदी इथं परकी नाही.

गाडगेबाबांचंही तेच. शेंडगावचा हा माणूस कीर्तनाला उभा राहिला की समोरच्यांना प्रश्न विचारायचा, उत्तर त्यांच्याच तोंडून घ्यायचा आणि मधूनमधून एका साध्या नामघोषावर हजारोंना आणून सोडायचा. त्या कीर्तनात नुसता ऐकणारा कोणी उरत नसे. अमरावतीत त्यांची समाधी आहे. आपल्यातले किती वर्शिप लीडर तिच्यावरून रोज जातात! पुढे उभं राहणाऱ्यानं मागच्यांना गायला कसं लावायचं, याचा एवढा मोठा धडा घराजवळ असताना आपण तो फक्त मोबाइलच्या पडद्यावर शोधतो, याची मला खरोखर खंत वाटते.

कोणी म्हणेल, हे सगळं बाहेरचं झालं. मग आपल्या घरातलं बघू. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला. त्यानं ख्रिस्ताची कथा मराठीत लिहिली आणि १६१६ साली राचोलला ती छापली गेली. कथा इथल्या लोकांना पूर्ण नवी, नावं नवी, शिकवण नवी. छंद मात्र त्यानं ओवीचा घेतला. सुमारे अकरा हजार ओव्यांचं ते ख्रिस्तपुराण गोव्याच्या ख्रिस्ती लोकांनी पिढ्यानपिढ्या वाचलं, गायलं. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, कृष्णराव सांगळे आणि त्यांच्या सोबत्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. गोष्ट शुभवर्तमानातली, बाज कीर्तनाचा.

आणि टिळक. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकारामांच्या पुलावरून, असं ते सांगत. आज आपल्यातले वडीलधारे 'आपली जुनी गाणी' म्हणून ज्यांच्यासाठी भांडतात, त्यांतली कितीतरी या एका माणसाची आहेत. ती एके काळी नवी होती. नुसती नवी नव्हे, काहींना खटकणारी होती. ख्रिस्ती झाल्यावर पुन्हा टाळ आणि मृदंग कशाला, अभंग कशाला, इंग्रजी चालींची भजनं आहेत ना, असं म्हणणारे लोक त्या काळीही होते. वडीलधाऱ्यांनो, हे विसरू नका. तुमच्या आजोबांनी ज्याला नाकं मुरडली असतील तेच आज तुमच्या डोळ्यांत पाणी आणतं. आणि मुलांनो, तुम्ही हे बघा की टिळकांची गीतं एका पिढीत मंडळीच्या गळ्यात बसली, कारण अभंग गायची सवय लोकांना आधीच होती. शिकायचे होते ते फक्त शब्द.

याच्याही मागे जाता येतं. पवित्र शास्त्रातली स्तोत्रं उघडा. बाविसाव्या स्तोत्राच्या मथळ्यात पहाटेच्या हरिणीचा उल्लेख आहे. सत्तावनाव्यापासून एकोणसाठाव्यापर्यंत नाश करू नको अशा अर्थाचे शब्द मथळ्यात येतात. हे त्या काळच्या ओळखीच्या चालींचे निर्देश असावेत, असं अनेक अभ्यासक मानतात. परमेश्वराला नवं गीत गा, असं जी स्तोत्रं सांगतात, त्यांच्याच पुस्तकात ही अमुक चालीवर म्हणा अशी खूण आहे. मार्टिन लूथरनं नाताळचं आपलं प्रसिद्ध गीत १५३५ साली लोकांच्या तोंडी असलेल्या एका गाण्याच्या चालीवर छापलं आणि काही वर्षांनी, शब्द लोकांना पाठ झाल्यावर, त्याच शब्दांना नवी चाल आली. आधी एक, मग दुसरं.

आता जवळचं बोलते. एका मंडळीत मी सरावाला बसले होते. मुलगा गुणी, सूर पक्का. मोबाइलवर मूळ गाणं लावून त्याच पट्टीत त्यानं ते बसवलं होतं. मी पेटीवर त्याच्याबरोबर बोटं फिरवली तेव्हा लक्षात आलं की गाणं सुरू होतं खर्जातल्या पंचमाजवळ आणि शेवटच्या भागात तार सप्तकातल्या मध्यमाला जाऊन तिथंच ठाण मांडतं. जवळजवळ पावणेदोन सप्तकं. मूळ गायकाचा गळा तयारीचा आहे, स्टुडिओत त्याला ते शोभतं. मंडळीत बायका, पुरुष, लेकरं, म्हातारी माणसं एकत्र गातात. त्या मिश्र गळ्याला एक सप्तक झेपतं, फार तर वर-खाली एखाद-दोन सूर. मुलानं ट्रान्सपोझचं बटण दाबून दोन सूर खाली आणले, तर सुरुवातच ऐकू येईना. पुन्हा वर नेलं, तर शेवटी फक्त त्याचाच आवाज उरला. बटणाचा तिथं काही इलाज नव्हता, गाण्याची बांधणीच एका गळ्यासाठी होती. अशी गाणी वाईट नसतात. ती स्पेशल साँग म्हणून एकट्यानं गावीत, आम्ही ऐकू आणि आमेन म्हणू. फक्त 'चला, सगळे उभे राहून गाऊ या' असं म्हणून ती मंडळीवर टाकू नयेत.

त्याच मंडळीत पुढे खाली बसणाऱ्या एक आजी आहेत. त्यांना अक्षरओळख नाही. टिळकांची गीतं मात्र शेवटच्या कडव्यापर्यंत पाठ, आणि कोणी मधलं कडवं गाळलं तर त्या हातानं खूण करून थांबवतात. भिंतीवर शब्द येऊ लागल्यापासून त्या नव्या गाण्याला खाली मान घालून बसतात. प्रोजेक्टर ज्याला वाचता येतं त्याच्यासाठी आहे, ज्याचा चष्मा नीट आहे त्याच्यासाठी आहे. एकदा मी मुलांना म्हटलं, आज पडदा बंद ठेवा, ध्रुवपद तुम्ही म्हणा, मग ते मंडळीला म्हणू द्या, कडवं तुम्ही एकटे गा, ध्रुवपदाला पुन्हा मंडळीला घ्या. चाल साधी होती, भजनी ठेक्यातली. तिसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा आजींनी मान वर केली आणि टाळी धरली. चौथ्यांदा त्या गात होत्या. गाणं पूर्ण नव्या शब्दांचं होतं, त्या मुलांपैकीच एकीनं लिहिलेलं.

म्हणून वाद्यांचा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. कीबोर्ड आला म्हणून उपासना बिघडली, असं मी म्हणणार नाही. मी वाजवते ती पेटीच मुळात पॅरिसची. अलेक्झांद्र दबें यानं १८४० च्या सुमारास हार्मोनियमचं पेटंट घेतलं आणि पुढे कलकत्त्यात तिला आज आपण ओळखतो ते हाताच्या भात्याचं रूप मिळालं. आकाशवाणीनं तर १९४० पासून १९७१ पर्यंत तिला दाराबाहेर ठेवलं होतं. आज तिच्याशिवाय ना भजन होत, ना आपली उपासना. कीबोर्डही तसाच रुळेल. माझा आग्रह आवाजाचा आहे. माइकमधला आवाज एवढाच हवा की शेजारच्या बहिणीचं गाणं मला ऐकू यावं. स्वतःचा आणि शेजाऱ्याचा आवाज ऐकू आला की माणूस गायला धजतो. स्पीकरच्या भिंतीपुढे तो तोंड मिटून घेतो. जॉन वेस्ली यांनी १७६१ साली गाण्याविषयी ज्या सूचना छापल्या, त्यांत सगळ्यांनी गावं, जोमानं गावं हे आहेच. त्याबरोबर कुणाचा आवाज इतरांवर चढू नये, हेही आहे. त्या काळी माइक नव्हता, तरी हे सांगावं लागलं.

एक सावधगिरी मात्र घ्या. ओळखीची चाल म्हणजे सिनेमाची चाल असा सोपा अर्थ कोणी काढू नये. चाल आपल्याबरोबर आधीचे शब्द घेऊन येते. प्रभुभोजनाच्या वेळी लोकांच्या डोळ्यांपुढे पडद्यावरची नटी यावी, हे कोणालाच नको असेल. आपल्याकडे दुसरा खजिना आहे. दळणाच्या ओव्या आहेत, पाळणे आहेत, भजनी ठेक्याच्या कितीतरी चाली आहेत, कोजागिरीच्या आसपास वऱ्हाडातल्या मुली म्हणतात ती भुलाबाईची गाणी आहेत, ओळीला ओळ जोडत जाणारी. त्यांचे शब्द त्यांच्या जागी राहोत. ती जोडत जाण्याची रीत मात्र संडे स्कूलच्या लेकरांना शास्त्रातली गोष्ट गाऊन सांगायला किती छान आहे! उधळ्या पुत्राची गोष्ट तशी रचून बघा. आपली मुलं मुंबई-पुण्याची, परदेशातली गाणी उत्तम गातात. मला त्यांनी वऱ्हाडीत लिहिलेलं गाणं ऐकायचं आहे. विठ्ठल वाघांनी या बोलीला कवितेत मान मिळवून दिला. आपण घरात याच बोलीत रडतो, भांडतो, लेकरांना निजवतो. प्रार्थनेलाही तीच येते, माइकपुढे उभं राहिलं की तेवढी पळून जाते. मेळघाटातल्या आपल्या कोरकू भावंडांनी कोरकूत गावं, असंही मला तितक्याच कळकळीनं वाटतं.

पाळकसाहेब, आता तुमच्याकडे एक मागणं. नवं गाणं नाताळच्या उपासनेत पहिल्यांदा काढू देऊ नका. त्या दिवशी मुंबई-पुण्याहून घरी आलेली माणसं असतात, पाहुणे असतात, सगळ्यांना एकत्र गायचं असतं. त्याऐवजी साधा रविवार घ्या. आणि त्याच्याही आधी ते गाणं घरगुती प्रार्थनासभेत, आपण जिला कॉटेज म्हणतो, तिथं नेऊन बघा. तिथं माइक नसतो, पडदा नसतो, विजेचा भरवसा नसतो. एखादी डफली किंवा नुसत्या टाळ्या. तिथं जे गाणं दहा-बारा माणसांनी उचललं, ते रविवारी नक्की चालेल. जे तिथं उभं राहिलं नाही, ते कीबोर्डच्या टेकूवर किती दिवस राहणार? उपासना सुरू होण्याआधी दहा मिनिटं मंडळीला ध्रुवपद शिकवायला द्या, आणि तेच गाणं पुढचे तीन-चार रविवार राहू द्या. दर आठवड्याला नवं गाणं आणण्याची घाई मुलांना असते. सराव करून करून त्यांना ते जुनं वाटायला लागतं, तेव्हा कुठं मंडळीनं ते दुसऱ्यांदा ऐकलेलं असतं.

पंचमंडळींनाही सांगायचं आहे. मुलांना ताकीद देण्याआधी त्यांच्या सरावाला एकदा जाऊन बसा. दिवसभर दुकानात, कॉलेजात, शेतात राबून ती रात्री चर्चमध्ये येतात. स्वतःच्या पैशानं वायरी आणतात, तारा बदलतात. त्यांना कोणी विचारत नाही की बाळा, हे गाणं का निवडलंस. विचारलंत तर त्यांच्या बोलण्यातून त्यांचा विश्वास तुम्हाला ऐकू येईल.

शेवटचं काम सगळ्यांचं आहे आणि ते निकडीचं आहे. आपल्या हातातल्या गीतांच्या पुस्तकांत बहुतेक ठिकाणी शब्दच छापलेले असतात, फार तर वर राग-तालाची किंवा चालीची नोंद. प्रत्यक्ष चाल माणसांच्या गळ्यात आहे. दुष्काळाच्या आणि मिशनच्या काळापासून अकोला, खामगाव, अमरावतीकडे एकच गीत वेगवेगळ्या वळणानं गायलं गेलं, आणि ती वळणं जाणणारी माणसं आता थकली आहेत. प्रत्येक दफनविधीबरोबर एखादी चाल जाते. या चाली नोंदवून ठेवायला तरुणांइतकं योग्य दुसरं कोण आहे? मोबाइल तुमच्या खिशात आहे. उपवासकाळ सुरू झाला की दर आठवड्याला एका घरी जा, एका वडीलधाऱ्या माणसाकडून त्यांना येत असलेल्या गीताची चाल पूर्ण कडव्यांसह ध्वनिमुद्रित करा, गावाचं नाव आणि तारीख सांगून. मग त्यातलीच एक चाल घ्या आणि तिच्यावर तुमचे शब्द लिहा. ज्यांच्याकडून चाल घेतली त्यांनाच ते गीत पहिल्यांदा ऐकवा, आणि त्या रविवारी त्यांना पुढे, तुमच्याशेजारी उभं करा.

तिवसा, चांदूर, मोर्शी, आर्वी या भागातल्या ज्या मंडळीला यात मदत हवी असेल तिनं निरोप द्यावा. मी पेटी घेऊन येईन.

आपली,
मंडळीत पेटी वाजवणारी एक बहीण